हादरा वेगळा, झीज वेगळी

'कन्कशन' हा पीटर लँडेसमन यांचा चित्रपट २०१५ साली आला. वरच्या वर्गातील मुलांना तो दाखवावा का? जरूर दाखवावा, पण नंतरचा एक तास चर्चेसाठी मोकळा ठेवावा, असे आम्ही म्हणू.

कथा खरी आहे. नायजेरियात जन्मलेले डॉ. बेनेट ओमालू अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे शवविच्छेदनाचे काम करीत. २००२ साली माइक वेब्स्टर हा अमेरिकन फुटबॉलचा नामांकित खेळाडू पन्नासाव्या वर्षी वारला. (हा खेळ आपला फुटबॉल नव्हे, यात हेल्मेट घालून एकमेकांना धडका मारतात.) त्याचा मेंदू वरवर पाहता ठीक दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते आढळले. यावरील निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा व्यावसायिक फुटबॉल संघटनेच्या समितीतील डॉक्टरांनी तो मागे घेण्याची मागणी केली. हा झगडा चित्रपटात उत्तम उतरला आहे. पण एकट्या माणसाने नवाच आजार शोधला, अशी जी छाप मनावर राहते ती बरोबर नाही. मुष्टियोद्ध्यांमधील अशा विकाराचे वर्णन हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच केले होते.

आमची मुख्य तक्रार नावाबद्दल आहे. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. डोके दुखते, गरगरते, काही आठवत नाही. पुष्कळदा शुद्ध हरपतही नाही आणि सीटी स्कॅन साधा येतो. बहुतेक जण काही दिवसांत, फार तर महिनाभरात बरे होतात. वेब्स्टरच्या मेंदूत दिसली ती मात्र झीज. तिचा संबंध वर्षानुवर्षे बसणाऱ्या असंख्य धक्क्यांशी आहे, आणि त्यांत काहीही लक्षण न दाखवणारे धक्केही येतात. तिचे पक्के निदान आजही मृत्यूनंतरच होते. चित्रपटाने या दोन गोष्टी एकाच नावाखाली आणल्या आहेत.

सुतारपक्ष्याचा दाखलाही तपासून घ्यावा. त्याची लांब जीभ कवटीभोवती गुंडाळलेली असते व ती मेंदूला सांभाळते, असे चित्रपटात येते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत त्याचे डोके धक्का शोषत नाही, कडक हातोड्यासारखे वागते, असे दिसले. मेंदू लहान म्हणूनच तो निभावतो.

चित्रपटानंतर, २०१७ साली, आणखी एक आकडा गाजला: व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये ही झीज सापडली. मग शंभरांतील नव्याण्णव खेळाडूंना ती होते का? हा प्रश्न मुलांना जरूर घालावा. हे मेंदू दान केलेले होते. ज्या घरी खेळाडूची स्मृती, स्वभाव बिघडलेला पाहिला, तेथून दान येण्याचा संभव अधिक. लक्षणे नसलेल्या किती जणांचे मेंदू तपासलेच गेले नाहीत, हे या आकड्यातून कळत नाही. संशोधकांनी ही मर्यादा स्वतःच नोंदवली होती. मथळ्यांतून ती गळाली.

हे सारे मैदानावरही उपयोगी पडते. कबड्डीत डोके आपटलेल्या मुलाला 'काही होत नाही, ऊठ' म्हणून त्याच दिवशी पुन्हा खेळायला उतरवू नये. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर तडक रुग्णालयात न्यावे. एरवी एक-दोन दिवस विश्रांती आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू पुन्हा खेळ. त्याच्या आईवडिलांना वेब्स्टरची गोष्ट सांगून घाबरवण्याचे काही कारण नाही.