अष्टूरचे घुमट

दामाजीपंतांच्या कथेतला बेदरचा पातशहा मराठी माणसाला ठाऊक असतो. त्या पातशाहीची खरी बखर मात्र बेदरच्या पूर्वेला, अष्टूर गावाच्या शिवारात दगडविटांत लिहिलेली आहे. बहमनी सुलतानांचे मकबरे तिथे एका ओळीत उभे आहेत. ते क्रमानेच पाहावेत.

सुरुवात अहमदशहा वलीपासून. 1347 मध्ये गुलबर्ग्याला उभं राहिलेलं राज्य यानेच बेदरला आणलं. 1436 मध्ये तो गेला. त्याचा मकबरा बाहेरून जाड भिंतींचा, जवळजवळ रुक्ष. आत पाऊल टाकलं की प्रथम काहीच दिसत नाही. मग अंधारातून शेंदरी रंग वर येतो, निळा येतो, आणि घुमटाच्या पोटातली सोनेरी अक्षरं उजळू लागतात. कुफी लिपीची ताठ, कोनाकोनांची वळणं आणि शेजारी वाहती सुलुस. किरमानच्या शाह नियमतुल्लांची गुरुपरंपरा इथे रंगवली आहे. इतकं वैभव भिंतीच्या आतल्या बाजूला राखणं, हा संयम मला फार मोठा वाटतो. लिंगायत भाविक या सुलतानात अल्लमप्रभू पाहतात आणि इथला उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो, हेही या वास्तूच्या सौंदर्यातच धरायला हवं.

मुलगा अलाउद्दीन. इथे रंग बाहेर येतो. कमानींना कोरीव काळ्या दगडाच्या कडा, दर्शनी भिंतीवर निळ्या झिलईच्या फरशा. बऱ्याचशा गळून पडल्या, पण उरलेल्या तुकड्यांवरूनही कळतं की दरबाराला आता आपली श्रीमंती दाखवायची होती.

पुढचा हुमायून. याला लोकांनी जालीम म्हटलं. त्याच्या घुमटावर वीज पडली, असं सांगतात. अर्धा घुमट ढासळला आहे. लोक त्यात दैवी न्याय पाहतात. मला तिथे रचना दिसते: विटांचे थर, भिंतीची जाडी, कमानीने पेललेला भार, सगळं उभ्या छेदात उघडं पडलेलं. गवंड्याचं कसब इतकं स्पष्ट ओळीतल्या दुसऱ्या कोणत्याही मकबऱ्यात वाचता येत नाही.

त्यानंतर बांधकामं अर्धवट राहू लागतात. तिसऱ्या महंमदशहाने 1481 मध्ये महमूद गावानसारख्या वजिराचा शिरच्छेद करवला आणि वर्षभरात स्वतःही गेला. त्याचा मकबरा अपुराच आहे.

खरा गुंता महमूदशहापाशी. 1482 ते 1518 एवढी दीर्घ कारकीर्द, पण सत्ता कारभारी कासिम बरीद आणि पुढे त्याचा मुलगा अमीर बरीद यांच्या हातात. सुभेदार एकेक करून स्वतंत्र झालेले. तरीही मकबरा भव्य आहे, फक्त सजावट हरवली आहे. कोनाड्यांवर कोनाडे रचत भिंत वर चढते आणि त्यात अक्षर नाही, रंग नाही. आकार पूर्वजांचा, आशय गेलेला. राज्याची घसरण मला पडक्या घुमटापेक्षा या धडधाकट भिंतीत जास्त जाणवते.

शेवटचे सुलतान तर लहानशा, साध्या खोल्यांत निजले आहेत. त्यांच्यातल्या कलीमुल्लाने बाबराकडे मदत मागून पाहिली होती.

पण बेदरची कला मात्र या ओळीबरोबर आटली नाही. बेदर शहराच्या पश्चिमेला त्याच बरीद घराण्यातल्या अली बरीदचा मकबरा पाहा. चारही बाजूंनी मोकळ्या कमानी, आत भरपूर उजेड आणि त्या उजेडात रंगीत फरशांवर लिहिलेलं फारसी काव्य. अष्टूरला सुलतानांच्या भिंतींवरून गेलेला रंग इथे कारभाऱ्यांच्या घराण्याने लावून घेतला.