चोर सापडला, किल्ला हरवला

या दिवाळीत कुडाळच्या वाचनालयात बालअंकांचा गठ्ठा चाळला आणि राग आला. पुन्हा तीच गोष्ट. पुण्या-मुंबईचं कुटुंब सुट्टीत किल्ला बघायला येतं, मुलं बुरुजामागे वाट चुकतात, भुयार लागतं, आत मूर्तिचोर, मग पोलीस, मग सत्कार. सिंधुदुर्ग खोडून राजगड लिहा, गोष्टीतलं एक वाक्यही बदलावं लागत नाही. समुद्रातला किल्ला आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा किल्ला ज्याला सारखाच, त्याने दोन्ही नीट पाहिलेले नाहीत.

याचं खापर भा. रा. भागवतांवर फोडायची एक रीत आहे. ती अन्यायाची आहे. त्यांचा बालनायक, फुरसुंगीचा बनेश फेणे, कुठेही गेला तरी डोळे उघडे ठेवून गेला. १९६२च्या चिनी आक्रमणात भागवतांनी त्याला थेट ईशान्य सीमेवर, नेफात धाडलं, त्या काळच्या मुलांच्या मनातली खरी भीती गोष्टीत आणली. पुढच्या लेखकांनी त्याची सायकल घेतली, त्याचा ‘ट्टॉक्’ हा उद्गार घेतला. त्याची चौकस नजर मात्र कुणीच घेतली नाही.

किल्ल्यावरची रहस्यकथा कशी असावी हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने सत्यजित राय यांची ‘सोनार केल्ला’ वाचावी. अशोक जैन यांनी तिचा गुप्तहेर नायक फेलूदा मराठीत आणल्याला बरीच वर्षं झाली, पण आपल्या बालसाहित्यावर त्याचा ओरखडाही उठलेला नाही. या गोष्टीत मुकुल नावाच्या लहान मुलाला मागच्या जन्मातला सोन्याचा किल्ला आठवतो, आणि त्या आठवणीमागे गुप्तधनाच्या लोभाने भामटे लागतात. उत्तर आहे जैसलमेर, कारण तिथला दगडच पिवळा आहे. म्हणजे रहस्य दगडात आहे. ही गोष्ट उचलून चितोडला नेता येत नाही. राय यांनी १९७४ साली तिच्यावर सिनेमा केला आणि बंगाली कुटुंबं मुलाबाळांसह तो किल्ला बघायला जाऊ लागली. आपल्याकडे याच्या जवळ कोण पोचलं? अविनाश अरुण, ‘किल्ला’ या चित्रपटात. त्यात चोर नाही, नकाशा नाही. वडील गेलेला, पुण्याहून कोकणात आलेला मुलगा पावसात किल्ल्यात एकटा मागे राहतो. त्या काही मिनिटांत किल्ला जितका गूढ वाटतो, तितका डझनभर भुयारांत मला कधी वाटला नाही. ‘चिंटू २’ या चित्रपटातली खजिन्याची धावपळ सुट्टीपुरती बरी. कालयंत्रात बसून शिवकाळात उतरणारी मुलं मला नकोत.

आणि आमच्याकडे रहस्यांना तोटा आहे का? २५ नोव्हेंबर १६६४ला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. चहूकडे खारं पाणी, मग आतल्या दूधबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी कुठून येतं? होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत का नाही? चुन्यातले हातापायाचे ठसे कुणी, कधी घेतले? इथे कुडाळात घोडेबाव आहे, तिच्यात घोडा उतरेल अशी वाट कशासाठी ठेवली? कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पं कुणाची?

विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ तर आयती रहस्यकथा आहे. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण लॉकयर साहेबाने या ओट्यांवरून पाहिलं आणि इथेच हेलियम सापडला, असं गडावर सांगतात. पण या शोधाशी ज्याचं नाव लॉकयरबरोबर घेतात तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन त्या दिवशी गुंटूरला होता, आणि लॉकयरने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये. मग ओट्यांवर कोण बसलं होतं? लॉकयरचं नाव त्यांना चिकटलं कसं? बारा वर्षांची मुलगी हे शोधायला निघाली तर तिला बंदूकवाला तस्कर लागणार नाही. जुने कागद, गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि एक तारीख पुरे.

अशी गोष्ट लिहिली जात नाही, कारण तिच्यात मूल सांगितलेल्या गोष्टीवर शंका घेतं. रहस्यकथेला शंका लागते आणि आपल्या किल्ल्यांवर फक्त नमस्कार चालतो. म्हणून लेखक गडाला हात लावत नाही. गड पवित्र ठेवतो आणि पाप करायला बाहेरून चोर आणतो. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. त्यानंतर तर आमच्या लेखकांच्या लेखणीला घोषणांशिवाय काही सुचेनासं झालंय. ज्या राजाने गनिमाला चकवण्यासाठी दरवाजा लपवला, त्याची अक्कल मुलांना समजू द्यायची तर तो दरवाजा त्यांना स्वतः शोधू दिला पाहिजे. जयजयकाराने तो सापडत नाही.

दुसरा अपराध मला जास्त जवळून लागतो. या गोष्टींत आमचा मालवणी मुलगा असतो तो होडीवाल्याचा झिल म्हणून. सामान उचलतो, ‘थंय जाव नको, भरती येतली’ एवढं बोलतो आणि गप्प होतो. पाहुणी मुलं ते ऐकत नाहीत, म्हणून गोष्ट घडते. ओहोटी किती वेळ राहील, कुठला खडक कधी उघडा पडतो, हे त्याला ठाऊक आहे. तपास करायला तो सगळ्यांत लायक आहे आणि तपास करतो कोथरूडचा पाहुणा! संपादकांनी पुढच्या दिवाळीला किल्ल्यावरची गोष्ट मागताना एकच अट घालावी. सहलीचं कुटुंब बोटीतून परत गेल्यावर ती सुरू झाली पाहिजे, आणि तपास त्या झिलाच्या हाती असला पाहिजे.