काळा भाग म्हणजे शून्य नव्हे: सायकलींच्या एका नकाशाची समीक्षा

ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगते. शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर रुंद, साधारण ३५ ते ५० मिलिमीटर. खडी, मुरूम, माती, सगळ्यावरून चालणारी सायकल. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया इथे २००६ साली सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीमुळे हा प्रकार गाजला. २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

आता आपल्याकडची २८ इंची, काळी, उंच सायकल आठवा. तिचा टायर दीड इंच रुंद असतो, म्हणजे जवळपास ४० मिलिमीटर. एरंडोल, कासोदा, उत्राण या पट्ट्यात कॅरिअरला डबा आणि विळा बांधून शेतावर जाणारा माणूस याच मापाच्या टायरवर, तसल्याच कच्च्या वाटेनं जातो. त्याला कुणी ग्रॅव्हल रायडर म्हणत नाही, ते सोडा. पण सायकलींवर संशोधन करणाऱ्यांच्या आकडेवारीतही तो नसतो, आणि हा प्रश्न तुमच्या-माझ्या कामाचा आहे.

आज समीक्षेला पुस्तक नाही, नकाशा घेतलाय: स्ट्रॅव्हा या ॲपचा जागतिक हीटमॅप. लोक ॲप चालू करून सायकल चालवतात, धावतात. त्या वाटा एकावर एक रचल्या की जिथे गर्दी जास्त तिथे रेषा उजळ दिसते. २०१७ च्या आवृत्तीत १ अब्ज नोंदी आणि एकूण २७ अब्ज किलोमीटर अंतर होतं. जानेवारी २०१८ मध्ये हाच नकाशा बातम्यांत आला, कारण ओसाड प्रदेशातले लष्करी तळ त्यावर उजळून दिसत होते. सैनिक तळाभोवती धावत होते आणि त्यांची घड्याळं, फोन नोंद करत होते.

त्या बातमीवरून सगळ्यांनी एकच धडा घेतला, की हा नकाशा फार जास्त दाखवतो. मला त्यातला दुसरा धडा महत्त्वाचा वाटतो. त्या प्रदेशात सैनिकांखेरीज इतर माणसंही राहत होती, चालत होती, ये-जा करत होती. ती मात्र काळ्या भागात होती.

नकाशाचं श्रेय आधी देऊ. कच्ची वाट पुढे जाते की बांधावर संपते, हे छापील नकाशावरून नेहमी कळत नाही. कुणीतरी तिथून खरंच गेलंय हे हीटमॅपवरून कळतं. नवख्या सायकलस्वाराला याचा चांगला उपयोग होतो. अडचण सुरू होते ती ‘इथून कुणीतरी गेलंय’ यावरून ‘इथून कुणी जात नाही’ असा निष्कर्ष काढताना.

पहिला दोष उघड आहे: नमुना. ही माहिती सायकलस्वारांची नाही, ॲप चालू करून सायकल चालवणाऱ्यांची आहे. कामाला जाणारा माणूस खिशात फोन असला तरी प्रवासाची नोंद कशाला करेल? व्यायामाला निघालेला करतो. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरावरच्या २०१६ च्या एका अभ्यासात ॲपवरच्या नोंदी आणि चौकात उभं राहून केलेली मोजणी शेजारी ठेवली. हिशेब असा निघाला की ॲपवरचा एक सायकलस्वार म्हणजे रस्त्यावरचे सुमारे ५१. अभ्यास चांगला आहे, कारण त्यांनी प्रत्यक्ष मोजलं. पण हा आकडा उचलून खान्देशात लावता येत नाही. इथे ॲप वापरणारे कोण आणि सायकल चालवणारे कोण, हे प्रमाणच वेगळं. शिवाय जिथे नोंद शून्य, तिथे ५१ नं गुणा की ५०० नं, उत्तर शून्यच येणार.

दुसरा दोष वाचताना निसटतो. २०१७ च्या आवृत्तीत रेषेचा उजळपणा आजूबाजूच्या रेषांच्या तुलनेत ठरवला होता. नाहीतर मोठी शहरं झळाळली असती आणि बाकी जग अंधारात गेलं असतं. चित्र म्हणून निर्णय योग्य. पण याचा अर्थ असा, की पुण्यातली उजळ रेषा आणि एरंडोलजवळची उजळ रेषा यांची तुलना करता येत नाही. रंग बघून आकडा सांगू नका. कुठलाही रंगीत नकाशा हातात आला की आधी विचारा: ही पट्टी सगळीकडे एकच आहे, की जागेनुसार बदलते?

तिसरा दोष भूगोलाचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. घाटात वाट बहुधा एकच असते. दहा माणसं गेली तरी दहाही त्याच रस्त्यानं जाणार, त्यामुळे थोड्या नोंदींतही घाटरस्ता ठळक उमटतो. सपाट प्रदेशात तसं होत नाही. तापी-गिरणेच्या गाळाच्या मैदानात एका गावाहून दुसऱ्या गावी जायला डांबरी सडक असते, पाटाच्या कडेची वाट असते, गाडरस्ता असतो, बांधावरची पायवाट असते. सखल त्रिभुज प्रदेशातही, उदाहरणार्थ गंगेच्या, बांध आणि कालवे यांच्या कडेनं अशाच अनेक वाटा फुटतात. तीच दहा माणसं आठ वाटांवर विखुरतात. म्हणजे नमुना तेवढाच ठेवला तरी सपाट भागात नकाशा जास्त चुकतो. आणि जिथे चढ नाही तिथेच साधी, बिनगिअरची सायकल रोजच्या कामाला सर्वांत सोयीची! जिथे सायकल जास्त उपयोगाची, तिथेच हा नकाशा कमी भरवशाचा.

त्यात ऋतू मिळवा. काळ्या मातीची वाट जुलैत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल भरून सायकल जागीच थांबवते. तीच वाट कापूस वेचणीच्या दिवसांत टणक झालेली असते. अनेक महिन्यांच्या नोंदी एकत्र केल्या की हा फरक पुसला जातो.

तुम्ही म्हणाल, मग सरकारी आकडे घेऊ. घ्या, पण तक्त्याचं शीर्षक नीट वाचा. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचं अंतर आणि साधन विचारलं होतं. तो तक्ता ‘इतर कामगारां’चा आहे. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार त्यात नाहीत. म्हणजे आपला विळेवाला माणूस ॲपमधूनही गेला आणि जनगणनेच्या तक्त्यातूनही. दोन स्रोत जुळले म्हणून आपण खूश होतो. इथे दोन्ही स्रोत एकाच माणसाला वगळून जुळतात.

हे फक्त पद्धतीचं भांडण नाही. ॲपवरची ही माहिती २०१४ पासून नियोजनकारांपर्यंत जाते आहे. कुठला रस्ता रुंद करायचा, कुठे कडेची जागा राखायची, हे ठरवताना ‘इथे सायकली नाहीतच’ हे वाक्य अशा काळ्या भागातून जन्माला येऊ शकतं.

चांगलं काम कसं दिसतं, तेही बघा. बिहारनं २००६ मध्ये मुलींना शाळेसाठी सायकली द्यायला सुरुवात केली. मुरलीधरन आणि प्रकाश यांनी २०१७ च्या निबंधात मुलींची तुलना मुलांशी आणि बिहारची झारखंडशी केली. मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना दिसलं, आणि परिणाम जास्त कुठे, तर जिथे शाळा लांब होती त्या गावांत. उपग्रहाची एकही रेषा न वापरता त्यांनी सायकलीचा परिणाम मोजला, कारण ‘कोण सुटतंय?’ हा प्रश्न त्यांनी घरोघरच्या सर्वेक्षणाच्या माहितीला विचारला.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर खर्च जवळपास नाही. एरंडोलहून कासोद्याकडे, म्हसावदकडे आणि पद्मालयाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एकेक जागा निवडा, आणि एक जागा कच्च्या वाटेवर. सकाळी सहा ते दहा, कामाचा एक दिवस, बाजाराचा एक, सुट्टीचा एक. प्रत्येक सायकलपुढे खूण: शाळा, शेत, दूध, व्यायाम, इतर. नावं नकोत, फोटो नकोत. पावसाळ्यात एकदा आणि वेचणीच्या दिवसांत एकदा, अशी दोन वेळा मोजणी करा. मगच हीटमॅप उघडा आणि दोन्ही शेजारी ठेवा. आधी नकाशा बघितलात तर जागा निवडताना डोळा उजळ रेषांकडेच जाईल.

आणि प्रबंधात तक्ता भरताना, जिथे मोजलं आणि सायकल दिसली नाही तिथे शून्य लिहा. जिथे मोजलंच नाही, तिथे रकाना रिकामा ठेवा.