नवेगावबांध : वारसा-जतनाची अपुरी दृष्टी

गोंदिया जिल्ह्याच्या ऐतिहासिक वारशाचा विचार प्रायः नागऱ्याचे शिवमंदिर व प्रतापगड यांपुरता सीमित राहतो. कोहळी समाजाने बांधलेले तलाव केवळ सिंचनसाधने मानले जातात. ही दृष्टी अपुरी आहे. १९५८ चा केंद्रीय पुरातत्त्व कायदा स्मारकासाठी किमान शंभर वर्षांचे वय अपेक्षितो; अठराव्या शतकातील नवेगावबांध हा निकष सहज पूर्ण करतो. तथापि मूर्ती संग्रहालयात जपता येते, तलाव मात्र वापरातच टिकतो. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर देखभालीची जुनी व्यवस्था खंडित झाली. म्हणून स्थानिक संग्रहालयाने मूर्ती व शिलालेखांसोबत पाळ, तुडूम आणि सांडवा यांच्या बांधणीचे व दुरुस्तीचे ज्ञानही जाणकारांकडून नोंदवून घेणे अगत्याचे ठरते. त्याअभावी तलावाचे जतन अशक्य आहे.