‘शहाणपण’ या शब्दाचें तारतम्य

‘शहाणा’, ‘धूर्त’ व ‘दूरदर्शी’ हीं विशेषणें एकमेकांच्या जागीं वाटेल तशीं योजण्याची चाल आमच्या इतिहासलेखनांत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. ‘शहाणा’ हा शब्द ‘सज्ञान’ या संस्कृत शब्दाकडे नेतात. म्हणजे त्याच्या मुळाशीं जाणतेपणा आहे, कावा नव्हे.

‘साडेतीन शहाणे’ हा प्रयोग घ्यावा. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे व विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना फडणवीस अर्धा. नाना तरवारबहाद्दर नव्हता म्हणून अर्धा, असा खुलासा करितात. तो खरा मानल्यास येथें शहाणपण म्हणजे मसलत आणि शौर्य यांची बेरीज होते. परंतु विठ्ठल सुंदर 1763 त राक्षसभुवनीं पडला. सखारामबापू 1779 त कैद होऊन 1781 त कैदेंतच वारला. यावरून कोणी नानासच पूर्ण शहाणा ठरवील, तर तेंही आम्ही नाकारूं. यश हें शहाणपणाचें माप नव्हे. त्यांत दैवाचाही वांटा असतो.

मग माप कोणतें? वऱ्हाडचेंच उदाहरण पाहूं. वाशीम जिल्ह्यांतील केनवड ज्या वऱ्हाडांत येतें, तेथें त्या काळीं निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. राक्षसभुवनापूर्वीं जानोजी भोसले निजामास सोडून पेशव्यांस मिळाला व त्यानें सुमारें 32 लक्षांचा मुलूख पदरांत पाडला. देवाजीपंत त्याचा दिवाण. पुढें तीनच वर्षांत पेशवे व निजाम एक होऊन वऱ्हाडावर आले, आणि 1766 त जानोजीस त्यांपैकीं 24 लक्षांचा मुलूख सोडावा लागला. ज्यास दोघांनींही विश्वासघातकी म्हणावें, त्याच्यावर दोघेही एक होऊन येतील, हें 1763 तच तर्कानें कळण्यासारखें होतें. म्हणून त्या मसलतीस चातुर्य म्हणावें. शहाणपण म्हणूं नये.

उलट रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें, सुमारें 1715 चें आज्ञापत्र पहावें. टोपीकरांस व्यापार करूं द्यावा, पण समुद्रकांठीं व खाडीकांठीं कायमचें ठाणें देऊं नये, असा त्याचा आशय आहे. आरमार व दारूगोळा यांचें त्यांचें बळ किनाऱ्यावरच चालतें, हें त्याचें कारण. येथें लाभ टाकिलेला नाहीं व धोकाही झांकिलेला नाहीं. प्लासीची लढाई 1757 ची. तिचा दाखला न घेतांही हा सल्ला त्या दिवशींच्या माहितीवर योग्य ठरतो.

सारांश, उपलब्ध माहिती, दिलेलें कारण आणि ओळखलेला धोका, या तिहींवरून शहाणपण ठरवावें. त्यांत चौथी गोष्ट आम्ही घालूं: मसलत फसल्यास किंमत कोणी मोजिली? दिवाणाच्या डावाचा जमाखर्च मांडतांना ज्या रयतेच्या उभ्या पिकांतून फौजा जात, तिचें खातें कोरें ठेवून कोणास ‘शहाणा’ ही पदवी देणें, हें इतिहासकारास शोभत नाहीं.