सोवळ्याबाहेरचा संसार

'स्मृतिचित्रे'ची स्तुती करताना आपल्याकडे तीन विशेषणे हमखास योजली जातात: सहज, प्रांजळ आणि भाबडे. पहिली दोन आम्हांस मान्य आहेत. तिसऱ्याविषयी आमची तक्रार आहे आणि तिच्यासाठीच हा लेखनप्रपंच. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. बदलीच्या गावी सामान हलविताना ज्या चार-दोन पुस्तकांना ट्रंकेत जागा मिळते, त्यांत ते पुष्कळदा असते. इतका लोभ लाभलेल्या ग्रंथाची चिकित्सा करणे म्हणजे घरातील वडीलधाऱ्या बाईच्या हातच्या स्वयंपाकाला नावे ठेवण्यासारखे वाटते. तरीही ती करावयास हवी. कारण भाबडेपणाच्या कौतुकाखाली या पुस्तकातील सर्वांत कठीण गोष्ट झाकून गेली आहे.

ग्रंथाचा आरंभच पाहावा. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील फासावर गेले आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. नाशिकजवळच्या जलालपूर गावातले हे घर. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यावयाची नाही, आणि धुणे म्हणजे काय धुणे याला मर्यादा नाही! लेकराबाळांचे बालपण या धुण्यात भिजून गेले. एखादा सुधारक लेखक या ठिकाणी रूढीवर आसूड ओढता. एखादी अभिमानी कन्या वडिलांच्या आचारनिष्ठेपुढे हात जोडती. लक्ष्मीबाई यांपैकी काहीच करीत नाहीत. त्या वेडाचे कारण सांगतात, त्या वेडापायी आईने काय सोसले ते सांगतात, आणि त्याच ओघात आपल्याला हसवितात. निष्कलंकपणाचा ध्यास घेतलेला माणूस स्वतःच्या घराला किती छळू शकतो, हे आयुष्याच्या पहिल्याच अंकात पाहिलेल्या मुलीने पुढे माणसांकडून निष्कलंकपणाची अपेक्षा केली नाही, यात आम्हांस नवल वाटत नाही.

१८८० साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. हे 'फुलांमुलांचे कवी'. शीघ्रकवी, संस्कृतज्ञ, प्रेमळ, उदार; आणि तितकेच रागीट, लहरी, एका ठिकाणी न टिकणारे. नागपूर झाले, राजनांदगाव झाले, मध्ये कित्येक गावे झाली. (आपण बदल्यांचा त्रागा करतो खरा, पण आपली बदली निदान हुकुमाने होते, टिळकांची मनात येईल तेव्हा होई.) घरात आलेला पैसा घरात राहील याची शाश्वती नाही. ज्या हाताने हा मनुष्य परक्याचे अश्रू पुसतो, त्याच हाताने घरातील पीठमीठ उडवून लावतो. लक्ष्मीबाईंच्या चित्रणाचे मर्म असे की, हे दोन टिळक त्यांनी वेगळे काढलेले नाहीत. गुणांचे एक प्रकरण आणि दोषांचे दुसरे, अशी मांडणी त्यांना सुचतच नाही. औदार्य आणि बेजबाबदारपणा ही तेथे एकाच वस्त्राची दोन टोके आहेत; एक ओढले की दुसरे हातात येते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीस विश्वासात न घेता घेतली. पदरी लहान मूल, चार लोकांत तोंड दाखविण्याची सोय नाही, जिवाला जीव देणारी माणसेही बिचकलेली. अशा अवस्थेत सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई नवऱ्यापासून दूर राहिल्या. अशा माणसाविषयी पुढे हसत हसत लिहिणे, ही त्याला दिलेली सूट नव्हे काय? आजची वाचक स्त्री हा प्रश्न विचारते आणि तिने तो विचारलाच पाहिजे. 'जुन्या बायका सोशीक असत' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

आमचे उत्तर असे की, स्वीकार आणि माफी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माफ करणारा मनुष्य झालेल्या गोष्टीची नोंद पुसतो. लक्ष्मीबाई एकही नोंद पुसत नाहीत. ताटातुटीच्या दिवसांत मन ठिकाणावर न राहिल्याचे, जगणे नकोसे झाल्याचे त्या लिहितात. त्याचे खापर नशिबावर फोडून मोकळ्या होत नाहीत, आणि टिळकांच्या पत्रांतील प्रेम खोटे होते असेही म्हणत नाहीत. दोन्ही खरे होते. वाचकाने त्यांतील सोयीचे उचलावे व गैरसोयीचे टाकावे, अशी मुभा त्या ठेवीत नाहीत. मग हसू कोठून येते? ते विसरण्यातून येत नाही. सर्व हिशेब पुरा मांडून झाल्यावर, आणि तो कधीच जुळणार नाही हे कळल्यावर ते येते. याला भाबडेपणा म्हणणाऱ्याने एकदा ती प्रकरणे सावकाश वाचावीत.

शिवाय त्यांनी स्वतःलाही सोडलेले नाही. पतीकडे परत आल्यावर त्यांनी आपले सोवळे तसेच पाळले. वेगळी चूल, वेगळे पाणी. ज्या वेडाने त्यांचे बालपण झाकोळले होते, तेच त्यांनी आपल्या संसारात सांभाळून आणले होते. पुढे एके दिवशी जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचाराशी त्या झगडल्या आणि तो पाश तुटला. १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. या स्थित्यंतराविषयी धार्मिक दृष्टीने कोणास काय वाटावयाचे ते वाटो. वाङ्मयाच्या दृष्टीने आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, अलीकडच्या लक्ष्मीबाई पलीकडच्या लक्ष्मीबाईला कोठेही हिणवीत नाहीत.

तुलनेसाठी रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' घ्याव्यात. ते पुस्तक थोर आहे यात शंका नाही. पण त्यातील न्यायमूर्ती पाटावर बसविलेल्या मूर्तीसारखे आहेत. लेखिका सदैव दोन पावले मागे उभी. वाचकाला आदर वाटतो, सहवास घडत नाही. टिळकांचा मात्र सहवास घडतो, कधी नकोसा व्हावा इतका.

रमाबाईंच्या या पुस्तकाला प्रस्तावना होती गोपाळ कृष्ण गोखल्यांची, आणि गोखल्यांच्या नावाची संस्था आमच्या या बेंगळुरूत, बसवनगुडी भागात आहे. डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली काढली. येथील लोक त्यांना 'डीव्हीजी' म्हणतात. त्यांचा 'ज्ञापक चित्रशाळे' हा आठ भागांचा कन्नड ग्रंथ आहे. नावाचा अर्थ लावू गेल्यास स्मृतींची चित्रशाळा; म्हणजे जवळजवळ 'स्मृतिचित्रे'च! आमचे कन्नड वाचन मंदगती आहे, कार्यालयातील शेजाऱ्यांना शब्द विचारीत चालणारे. तरी जेवढे वाचले त्यावरून एक भेद स्पष्ट जाणवला. डीव्हीजी वैदिक, विद्वान, गायक, दिवाण, अशा नाना माणसांची चित्रे रंगवितात. माणसांच्या लकबी आणि खोडी ते टिपतात, पण वडिलकीच्या नजरेने. मनुष्य निघून गेल्यावर त्याचे चांगले तेवढे आठवावे, अशी ती वृत्ती आहे. ती वृत्ती उदात्त आहे. तथापि ज्याच्या खोडी आपण आठवतो, त्याच्यासाठी दोन्ही वेळा चूल पेटविण्याचा प्रसंग डीव्हीजींवर आलेला नव्हता. लक्ष्मीबाईंचे औदार्य आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते या कारणाने. दुरून क्षमाशील होणे सोपे असते. महाराष्ट्रापासून दूर राहून महाराष्ट्राविषयी हळवे होणाऱ्या आम्हा मंडळींना हे निराळे सांगावयास नको. येथे बसून पुण्याच्या ज्या आळीची आठवण काढून आम्ही व्याकूळ होतो, तेथील गटारे आमच्या आठवणीत कधीच वाहत नाहीत.

भाषेविषयी थोडे. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. अक्षरओळख टिळकांनी करून दिली. वाक्ये लहान, बोलीतली, मध्येच म्हण, मध्येच टोला. व्याकरणदृष्ट्या ओढाताण करणारी वाक्येही सापडतील. आमचा जन्म मसुदे आणि टिपण्या शुद्ध करण्यात चालला आहे. खाडाखोड दिसली की कागद परत, हा आमचा धर्म. परंतु या गद्यातील एकही खडा आम्हांस उचलून टाकावासा वाटत नाही, कारण तो काढताच बोलणारीचा आवाज जातो. इंग्रजीत जोसेफिन इंक्स्टर यांचे भाषांतर १९५० साली आणि शांता गोखले यांचे २०१७ साली निघाले. अमराठी सहकाऱ्यांना देण्यास दुसरे अवश्य जवळ ठेवावे. मात्र 'सोवळे' या एका शब्दात कापड, पाणी, भीती आणि प्रतिष्ठा यांची जी गुंतागुंत आहे, ती परभाषेत नेण्याचा उपाय कोणत्याही भाषांतरकाराजवळ नाही.

ग्रंथ निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. उत्तरार्धाची वीण सैल आहे. प्रसंगामागून प्रसंग येतात, काळाचा धागा सुटतो. आणि नव्या समाजातील माणसांविषयी लिहिताना त्यांचा हात पूर्वार्धाइतका निर्भीड राहत नाही, असे आम्हांस वाटते. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांच्यानंतरच्या पानांत प्रतिपक्षच उरत नाही, आणि ज्या घर्षणातून त्या लेखणीला धार येत होती ते थांबते.

टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते चालविले, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाल्यावर चिरंजीव देवदत्त यांनी शेवटास नेले. १९३८ साली ते छापून निघाले. नवरा, बायको आणि मुलगा, तिघांच्या हातचे ते काम असून सांधे दिसतात. त्याचे वाचक आता थोडे आहेत. ज्याला टिळकांच्या घरात शिरावयाचे असेल त्याने 'स्मृतिचित्रे'च्या पहिल्या भागापासून आरंभ करावा, आणि कोणीतरी केलेली संक्षिप्त आवृत्ती हाती आल्यास ती बाजूस ठेवून समग्र मागवावी. संक्षेप करणारे प्रथम भांडणेच गाळतात.