वीरगळ वाचता येतो, स्मारक का वाचता येत नाही?

13 डिसेंबर 1942 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला चढवला आणि गोळीबारात सात जण हुतात्मा झाले. त्यांपैकी करवीरय्या स्वामी आणि नारायण वारके यांची जोडी एका सूतगिरणीच्या नावात आली, म्हणून जिल्ह्याच्या तोंडी राहिली. इंगळे, भारमल, चौगुले, जबडे, साळुंखे ही पाच नावे त्यामानाने फार कमी ऐकू येतात. याचा दोष लोकांच्या विसराळूपणाला देणे मला पटत नाही. गेलेल्या माणसाविषयी काही सांगण्याचे कामच आपल्या स्मारककलेने सोडून दिले आहे.

ही कला इथे मुळातच नव्हती असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यात कितीतरी देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. अक्षर न येणाऱ्यालाही ते कळत. सगळ्यांत खाली पडलेला वीर, कधी शेजारी गाईगुरे, म्हणजे तो गोधन राखताना मेला, वर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, शेवटी शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. माणूस कसा गेला आणि मागे राहिलेल्यांनी कोणत्या श्रद्धेवर मन सावरले, हे दोन्ही एकाच दगडात. घरचे दुःख असे गावाचे होत असे. कोल्हापूरच्याच एका तरुणाचे स्मारक परदेशातही हे साधते. युरोपच्या प्रवासात राजाराम महाराज 1870 मध्ये फ्लॉरेन्सला वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे 20 होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि 1874 मध्ये त्याच जागी छत्रीखाली रंगीत अर्धपुतळा उभा राहिला. जागा, चेहरा, पेहराव सगळे त्यांचेच आहे. म्हणूनच त्यांच्याशी कसलेही नाते नसलेले ते शहर त्या जागेला आणि जवळच्या पुलालाही ‘इंडियानो’ म्हणून ओळखते. याउलट 1980 नंतर महाराष्ट्र सरकारने गावोगावी एकाच नमुन्याची हुतात्मा स्मारके बांधली. हेतू थोर होता, पण निरनिराळ्या मरणांना एकच इमारत मिळाली आणि बऱ्याच ठिकाणी ती नुसती इमारतच राहिली.

वीरगळांचा फार गौरव नको, असे कोणी म्हणेल, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. वीरगळाशेजारीच बांगड्या भरलेल्या हाताची सतीशिळाही असते आणि ती एका बाईच्या जळण्याला मान देते. ते मूल्य आपण टाकलेच पाहिजे. घ्यायची आहे ती मरणाची हकिगत दगडात मांडण्याची रीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दगडापेक्षा शाळा, वसतिगृह बरे. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी 1918 मध्ये शिकारीत घोड्यावरून पडून गेले आणि त्यांच्या नावाने मराठा बोर्डिंग निघाले. कितीतरी गरीब मुले त्यामुळे शिकली. असे स्मारक कोणत्याही पुतळ्याहून मोठे, हे मी मान्य करतो. तरीही संस्था वाढते तसे तिचे नाव पत्त्याचा भाग होते आणि त्यामागचा मुलगा दिसेनासा होतो. संस्थेच्या दारात त्याची गोष्ट सांगणारे शिल्प असले तर संस्थेचे काहीच बिघडत नाही. खर्चाची सबब तर टिकतच नाही. वीरगळ राजवाड्यातल्या पैशाने नव्हे, गावाजवळच्या दगडातून घडले, आणि कोल्हापुरात कलानिकेतन, दळवीज यांसारख्या संस्थांतून शिकलेले हात आजही आहेत.

गारगोटीत हुतात्म्यांसाठी यापुढे जे काही उभे राहील, ते ठरलेल्या साच्यातून काढू नये. सातही घराण्यांत आणि त्यांच्या गावांत जे सांगितले जाते ते आधी लिहून घ्यावे, मग शिल्पकाराला बोलवावे, आणि प्रत्येकाला त्याची स्वतःची चौकट द्यावी. तालुक्यातल्या शिक्षकांनी आणि मौनी विद्यापीठाने हे काम हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.